बटरफ्लाय वीड उगवत नाही, उगवलं तर पुढच्या वर्षी परत येत नाही: कारणं आणि उपाय

अमेरिकेच्या मिडवेस्टात घराच्या बागेत प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांची, स्थानिक फुलझाडं लावणाऱ्यांकडून एक तक्रार दर वर्षी येते. बटरफ्लाय वीडचं पाकीट आणलं, पेरलं, काही उगवलं नाही. किंवा नर्सरीतून फुललेलं रोप आणलं, उन्हाळाभर छान राहिलं आणि पुढच्या मे महिन्यात त्या जागी नुसती माती. मग पुन्हा नवीन रोप, पुन्हा तेच. शिकागोची उपनगरं असोत, मॅडिसन असो की डे मॉइन, तक्रारीचं स्वरूप बदलत नाही.

हे झाड नाजूक अजिबात नाही. मिल्कवीड (ॲस्क्लेपियस) गटातली ही एक जात, शास्त्रीय नाव ॲस्क्लेपियस ट्युबरोसा, उंची दीड ते अडीच फूट, जून ते ऑगस्टमध्ये गडद केशरी फुलांचे झुबके. मिनेसोटाच्या उणे तीस अंशातही ते टिकतं. त्याचं मूळ घर म्हणजे कोरड्या, रेताड प्रेअरी, वाळूच्या टेकड्या आणि रेल्वेरुळांच्या कडेचे उतार. तिथे त्याला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही. जाड सोटमूळ खोलवर जातं आणि झाडाचा सगळा जीव त्या मुळात असतो. बागेत ते मरतं ते बहुतेक वेळा मुळाशी साचलेल्या ओलीने, आणि ती ओल आपणच पुरवलेली असते: पाणी, आच्छादन, चिकणमातीतला खड्डा. म्हणून खालचे उपाय वाचताना एक गोष्ट धरून चाला. या झाडाच्या बाबतीत काय द्यायचं यापेक्षा काय द्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी झाड तेच आहे ना, हे बघा

"हिवाळ्यात मेलं" म्हणून सांगितली जाणारी बरीच झाडं बटरफ्लाय वीड नसतातच. गार्डन सेंटरमध्ये नुसतं 'मिल्कवीड' किंवा 'बटरफ्लाय प्लांट' लिहून ॲस्क्लेपियस कुरासाविका विकतात. महाराष्ट्रात ओढ्याकाठी, पडीक जमिनीवर दिसणारं लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू ते हेच. ते उष्ण प्रदेशातलं झाड आहे. इलिनॉयची थंडी ते सोसूच शकत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी परत येण्याचा प्रश्नच नाही.

ओळखायला दोन खुणा पुरतात. एक पान तोडा. पांढरा चीक आला तर ते बटरफ्लाय वीड नाही. मिल्कवीडच्या इतर जाती चीक देतात, याच्यातून मात्र पाण्यासारखा रस येतो. दुसरी खूण पानांच्या मांडणीची. हळदीकुंकवाची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि गुळगुळीत असतात. बटरफ्लाय वीडची पानं खोडावर एकाआड एक येतात आणि खोडाला बोटाला जाणवेल अशी लव असते. खरेदी करताना पाटीवर पूर्ण शास्त्रीय नाव नसेल तर ते रोप घेऊ नका.

बी उगवतच नाही

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: बियांना ओली थंडी मिळालेली नसते. या बीच्या आत एक कुलूप असतं आणि ते थंडी व ओलावा दोन्ही एकत्र, काही आठवडे मिळाल्याशिवाय नीट उघडत नाही. बी शरद ऋतूत पडतं, हिवाळाभर ओल्या मातीत राहतं आणि वसंतात उगवतं, तोच क्रम आपल्याला घडवावा लागतो. पाकीट तसंच कोरडं फ्रिजमध्ये ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. कोरड्या थंडीने बी टिकतं, पण कुलूप उघडत नाही.

मार्चच्या मध्याला सुरुवात करा.

१. मूठभर जाड वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात ते हलकं खनिज) घ्या. पाणी घालून मुठीत घट्ट दाबा. दाबल्यावर एखादा थेंब पडावा, धार लागू नये.
२. त्यात बी मिसळा. वाळू बियांच्या निदान दुप्पट असू द्या, म्हणजे एका बीची बुरशी दुसऱ्याला लागणार नाही.
३. झिपच्या पिशवीत भरा, वर तारीख लिहा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तापमान १ ते ५ अंश सेल्सियस हवं. फ्रीझरमध्ये नको.
४. दर आठवड्याला उघडून बघा. किमान ३० दिवस ठेवा. ४५ झाले तरी बिघडत नाही.

पिशवीत बुरशी दिसली तर ओल जास्त झाली असं समजा. बी चाळणीत धुऊन नव्या, कमी ओल्या वाळूत घाला. मऊ पडलेलं बी फेकून द्या, टणक असेल ते अजून चांगलं आहे. पिशवीतच पांढरे कोंब दिसले तर त्याच दिवशी पेरा. ते मूळ दोन दिवसांत वाळूत गुंतून बसतं आणि सोडवताना तुटतं.

पेरणी पाव इंच खोल, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. मातीचं तापमान २० ते २५ अंश असेल तर दहा-पंधरा दिवसांत कोंब येतात, काही बिया महिनाही घेतात. खिडकीपाशी थंड काचेला टेकवलेला ट्रे हमखास रखडतो.

फ्रिजचा खटाटोप नको असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच पेरा. दुधाचा गॅलनचा प्लास्टिकचा कॅन मधोमध आडवा कापा, तळाला सात-आठ भोकं पाडा, चार इंच ओली माती भरा, वर बी टाका, झाकण म्हणून वरचा भाग चिकटपट्टीने लावा आणि बूच काढून टाका. बर्फ-पाऊस आत जातो, हिवाळा आपलं काम करतो. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा. दक्षिणेच्या भिंतीपाशी ठेवलेला कॅन फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार आठवड्यात तापतो, बी अवेळी उगवतं आणि पुढच्या थंडीत जातं.

थेट वाफ्यात पेरलेलं बी उगवलं नसेल तर लॉनचा हिशेब तपासा. एप्रिलमध्ये लॉनवर क्रॅबग्रास हे तण रोखणारं औषध टाकतात, त्यात बहुधा प्रोडायमिन किंवा डायथायोपिर असतं. ते उगवणारं इतर बरंच बी अडवतं, त्याला क्रॅबग्रास आणि बटरफ्लाय वीड यांतला फरक कळत नाही. वाफा लॉनला लागून असेल आणि लॉनचं काम कंत्राटावर दिलेलं असेल, तर त्या लोकांना जागा दाखवून स्पष्ट सांगावं लागतं.

रोपं आली आणि कोलमडली, किंवा वाढतच नाहीत

मातीच्या रेषेपाशी देठ बारीक होऊन रोप आडवं पडलं तर ती मर आहे. बुरशीजन्य रोग, कारण पुन्हा ओल आणि कोंडलेली हवा. एकदा आडवं झालेलं रोप वाचत नाही. उरलेल्यांसाठी पाणी खालून द्या, वरचा अर्धा इंच सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका, आणि छोटा पंखा मंद लावून ठेवा. दोन भाग पॉटिंग मिक्सला एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) घातलं तर हा त्रास निम्मा पहिल्याच दिवशी टळतो.

वाढ खुंटण्याचं कारण बहुधा उथळ ट्रे असतो. रोप वर दोन इंच असतं तेव्हा मूळ खाली पाच इंच गेलेलं असतं. तळ लागला की ते गोल फिरू लागतं आणि ही गुंडाळी पुढे जमिनीतही सुटत नाही. पाच इंच खोल सेलचे ट्रे किंवा लांबट कुंड्याच वापरा. एका सेलमध्ये दोन-तीन बिया पेरून एक रोप ठेवा आणि जास्तीची कात्रीने कापा. उपटायला गेलात तर शेजारच्याचं मूळ हलतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंडीतली लहान रोपं अचानक पिवळी पडून वरून वाळतात. बरेच जण इथे कुंडी रिकामी करून टाकतात. थांबा. या झाडाचं लहान रोप लवकर झोपी जाऊ शकतं. माती बाजूला करून मूळ चाचपा. टणक, आतून पांढरट असेल तर ते जिवंत आहे.

वसंतात परत येत नाही

पहिला उपाय: जूनच्या मध्यापर्यंत वाट बघा. हे झाड प्रेअरीतल्या सर्वांत उशिरा उठणाऱ्या झाडांपैकी आहे. शिकागोच्या आसपास मेच्या मध्यानंतर, उत्तर विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला कोंब दिसतात. तोवर कोनफ्लॉवर, बीबाम या प्रेअरीच्या इतर फुलझाडांची पानं हातभर झालेली असतात. वसंतातली प्रेअरीची आग वरून जाते तेव्हा हे झाड बहुधा मातीखालीच असतं, त्याच्या उशिरा उठण्याचा तिथे फायदाच होतो. बागेत मात्र त्याच उशिरामुळे ते आपल्या हातून मरतं. एप्रिलच्या सफाईत रिकामी जागा दिसते, कोणीतरी तिथे फावडं घालतं आणि सोटमूळ तुटतं. म्हणून शरदात वाळलेली खोडं मुळापासून कापू नका. सहा इंच ठेवा, तीच खूण. सोबत एक काठी रोवली तर आणखी चांगलं.

जून अर्धा सरला तरी काही नसेल तर जुन्या खोडाच्या बुंध्याशी बोटांनी दीड-दोन इंच माती उकरा. फावडं नको. मुळाचा माथा टणक लागला, नखाने खरवडल्यावर आत पांढरट दिसला तर पुन्हा माती टाकून सोडून द्या. तपकिरी, मऊ, कुजका वास येणारा असेल तर झाड गेलं. त्या जागेचं कारण शोधल्याशिवाय दुसरं झाड तिथे लावू नका.

कारण शोधायला निचऱ्याची चाचणी करा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणा (अमेरिकेत खणण्याआधी ८११ ला फोन करायचा असतो, फुकट आहे, गॅस आणि केबलच्या रेषा आखून देतात). पाण्याने काठोकाठ भरा, पूर्ण जिरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि आता मोजा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं तर जागा चालेल. अर्धा इंचच उतरलं, तर हिवाळाअखेर बर्फ वितळताना मुळं आठवडे-आठवडे पाण्यात राहणार. त्या काळात खालची माती गोठलेली असते, पाण्याला उतरायला वाटच नसते. उन्हाळ्यात सुदृढ असलेलं झाड मार्चमध्ये कुजतं ते याच कारणाने.

चिकणमातीवरचा नेहमीचा सल्ला म्हणजे खड्ड्यात थोडी वाळू मिसळा. तो चुकीचा आहे. थोड्या वाळूने चिकणमाती अजून घट्ट बसते, आणि चिकणमातीतला मोकळ्या मातीचा खड्डा म्हणजे आजूबाजूचं पाणी गोळा करणारं भांडं. खाली खणू नका, वर बांधा. साडेतीन फूट व्यासाचा, मध्यभागी दहा इंच उंच उतरता ढीग करा, अर्धी जाड वाळू आणि अर्धी साधी बागेची माती. अशा ढिगाला साधारण शंभर लिटर मिश्रण लागतं, म्हणजे ५० पौंडी वाळूच्या चार पिशव्या आणि तेवढीच माती. वाळू काँक्रीटसाठीची जाड घ्या. शिकागोच्या बाजूला तिला टॉर्पेडो सँड म्हणतात. मुलांच्या खेळाची बारीक वाळू उपयोगाची नाही. एका ढिगावर तीन झाडं सुखाने मावतात, दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवून. कंपोस्ट घालायचा मोह होईल, तो टाळा.

निचरा चांगला निघाला आणि तरी झाड कुजलं तर पाणी कुठून येतंय ते बघा. लॉनचे स्वयंचलित स्प्रिंकलर हे माझ्या मते उपनगरांतल्या बागांत या झाडाचे पहिल्या क्रमांकाचे शत्रू आहेत. लॉनला आठवड्यातून तीनदा मिळणारं पाणी मुरलेल्या बटरफ्लाय वीडला नको असतं. तो नोझल फिरवा किंवा बंद करा. छपराच्या पन्हळीचा पाइप आणि तळघरातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या संप पंपाचा पाइप वाफ्यापासून सहा-सात फूट दूर हवा. ड्राइव्हवेच्या कडेला लावलं असेल तर हिवाळ्यात बाजूला लोटलेला बर्फ तिथेच रचला जातो, आणि त्यात मीठही असतं.

आच्छादनही तपासा. लाकडाच्या भुश्शाचा तीन-चार इंच थर बुंध्यावर चढवला की मुळाचा माथा कायम ओला राहतो. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवा, किंवा इंचभर बारीक खडी पसरा. लावतानाही माथा मातीच्या पातळीवरच हवा.

रोप मेलं पण कुजलेलं नाही, उलट जमिनीच्या वर उचललं गेलंय असं दिसलं, तर ते गोठण्या-वितळण्याने झालं. माती गोठताना फुगते आणि मूळ न धरलेल्या रोपाला वर ढकलते. वर आलेलं मूळ वाऱ्याने सुकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या रोपांचं हे हमखास होतं. म्हणून लागवड मेअखेर ते जून या काळात करा. उशीर झालाच तर जमीन गोठल्यानंतर, डिसेंबरच्या सुमारास, दोन-तीन इंच पेंढा मोकळा पसरा आणि एप्रिलच्या सुरुवातीला काढा. जमीन गोठण्याआधी टाकलेला पेंढा उंदरांना घर मिळवून देतो. मार्चमध्ये वर आलेलं रोप दिसलं तर हाताने अलगद दाबा आणि वर मूठभर माती टाका. पाय देऊन ठोकू नका.

नव्या रोपाला पहिले सहा ते आठ आठवडे मात्र पाणी लागतं, आठवड्याला पावसासह एक इंच. त्यानंतर सोडून द्या. आणि वयस्क झाड हलवू नका. जागा बदलायची असेल तर नवं रोप लावा. जुन्याचं सोटमूळ अख्खं निघत नाही.

पिवळे कीटक चिकटलेत

जुलैमध्ये शेंड्यांवर गर्द पिवळा, काळ्या पायांचा मावा दाटतो. महाराष्ट्रात रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो तोच हा मावा, एफिस नेरी. दिसायला भयंकर, पण मुरलेल्या झाडाला तो मारत नाही. सगळ्या माद्याच असतात आणि थेट पिल्लं देतात, म्हणून संख्या झपाट्याने वाढते.

इथे मराठी घरात हात सहज कडुनिंबाच्या तेलाकडे जातो. या झाडावर ते फवारू नका. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडच्या पानांशिवाय दुसरं काही खात नाहीत, आणि कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. साबणाचं पाणी अंगावर पडलं तरी लहान अळ्या मरतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने मोनार्कला कायद्याचं संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला, इतकी त्याची संख्या घसरली आहे. आपल्या बागेतली चार पानंही त्यात मोजली जातात असं समजून वागावं.

करायचं ते असं: आधी पानांची खालची बाजू बघा. मोनार्कचं अंडं एकेकटं, दुधी रंगाचं, टाचणीच्या टोकाएवढं आणि उभ्या रेघांचं असतं. ते किंवा अळी असलेलं पान सोडा. बाकीच्या शेंड्यांना एका हाताने आधार देऊन पाण्याची जोरदार धार मारा, एकाआड एक दिवस, तीनदा. पान ओलं राहू नये म्हणून सकाळी. धार नको असेल तर हातमोजा घालून बोटांनी पुसून काढा. फुगलेला, तपकिरी, हलत नसलेला मावा दिसला तर तो ठेवा. त्याच्या आत गांधीलमाशीच्या जातीतला अगदी बारीक कीटक वाढतोय आणि तो पुढचं काम स्वतः करेल.

नवीन रोप विकत घेताना इमिडाक्लोप्रिड किंवा त्या गटातलं दुसरं आंतरप्रवाही औषध दिलंय का, हे दुकानात विचारा. ते पानात आणि मधात उतरतं आणि पाण्याने धुऊन निघत नाही. नीट उत्तर मिळालं नाही तर स्थानिक झाडांच्या नर्सरीतूनच घ्या.

फुलं नाहीत, झाड लवंडतं, शेंगा धरत नाहीत

बियांपासून वाढवलेलं झाड दुसऱ्या, बहुधा तिसऱ्या वर्षी फुलतं. त्याआधी काळजी नको. चौथ्या वर्षीही फूल नसेल तर ऊन मोजा. सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन असेल तर ते लांबट, फिकं होऊन उजेडाकडे झुकतं. ऊन भरपूर असूनही खोडं लवंडत असतील तर लॉनचं नत्रयुक्त खत वाफ्यात येतंय. पानं पिळवटून दोरीसारखी झाली तर जवळपास २,४-डी हे तणनाशक फवारलं गेलंय. त्या वर्षीची फूट वाया गेली असं धरा, मूळ बहुतेक वेळा वाचतं. कोवळे कोंब तिरपे, सुरीने कापल्यासारखे दिसले तर ससे. दोन फूट उंच जाळीचं कडं जुलैपर्यंत ठेवलं की पुरे.

फुलं भरपूर आणि शेंग एकही नाही, याचं कारण बहुतेकांना सुचत नाही: बागेत एकच झाड आहे. बटरफ्लाय वीड स्वतःच्या परागांनी सहसा फळत नाही. बियांपासून आलेली निदान तीन वेगवेगळी झाडं जवळ हवीत. एकाच झाडाच्या मुळांच्या तुकड्यांपासून केलेली रोपं यासाठी चालत नाहीत, ती सगळी मुळात एकच झाड असतात. तीन झाडं असली तरी शेकडो फुलांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच शेंगा धरतात, ते सामान्य आहे.

शेंग शिवणीवर दाबल्यावर सहज उघडली आणि आतलं बी तपकिरी असलं तरच काढा. हिरवट-पांढरं बी पुढे पिकत नाही. एक दिवस उशीर झाला तर रुईच्या म्हाताऱ्या उडतात तसं सगळं उडून जातं, म्हणून पिकत आलेल्या शेंगेला रबर बँड लावून ठेवा. शेंगांवर नारिंगी-काळे ढेकणांसारखे कीटक बसले असतील तर ते बियांतला रस शोषतात आणि असं बी पोकळ निघतं. त्यांना साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाका, झाडावर पाणी उडू देऊ नका.

जागाच ओली असेल तर

काही बागांत ढीग बांधूनही भागत नाही. घर सखल भागात, मागे तळं, एप्रिलभर पाणी उभं. अशा जागेसाठी ॲस्क्लेपियस इन्कार्नाटा, म्हणजे स्वॅम्प मिल्कवीड घ्या. फुलं गुलाबी, उंची तीन ते चार फूट, चिकणमाती आणि ओल दोन्ही त्याला मानवतात. बियांना ओली थंडी त्यालाही तशीच लागते, फ्रिजमधली कृती तीच. मोनार्क त्याच्यावर बटरफ्लाय वीडपेक्षा जास्त अंडी घालतात. केशरी रंगच हवा असेल तर त्याच बागेतली दक्षिणेची, घराच्या भिंतीलगतची, पन्हळीपासून लांबची पट्टी शोधा आणि तिथे तीन झाडांचा एक ढीग करून बघा.